व्हिडिओ गेम खेळण्याची एकच योग्य रीत असते का? स्पीडरनच्या निमित्ताने

जुनी कॅसेट

नव्वदच्या दशकात एका मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी टीव्ही गेम आला. त्याच्यासोबत ‘९९९९ इन १’ असे छापलेली पिवळी कॅसेट होती. प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले होते, पण त्यांत मारिओ होता आणि आम्हा चार भावंडांना तेवढे पुरेसे होते. पहिल्या जगाच्या दुसऱ्या पातळीत छताच्या विटांवरून धावत गेले, की शेवटच्या पाइपाला ओलांडून पलीकडच्या खोलीत पोहोचता येते आणि तिथून थेट चौथ्या जगात जाता येते, हे मला सापडले तेव्हा माझ्या मोठ्या चुलतभावाने तो डाव मोजायला नकार दिला. मधली जगे न खेळता पुढे जाणे ही लबाडी आहे, असे त्याचे म्हणणे होते. तो वाद त्या सुट्टीत मिटला नाही, आणि गेल्या काही वर्षांत स्पीडरन, म्हणजे खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करण्याचे प्रयत्न, मन लावून पाहू लागल्यापासून तो माझ्या डोक्यात पुन्हा जागा झाला आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याच खेळाचे उदाहरण देतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. त्यात ३२ पातळ्या आहेत, पण सर्वांत वेगवान खेळाडू त्यांतल्या केवळ ८ खेळतात. एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या नावाने खेळणाऱ्या खेळाडूने हा खेळ ४ मिनिटे ५४.९४८ सेकंदांत संपवला आणि ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत येणारा तो पहिला ठरला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानेच ४ मिनिटे ५४.६३१ सेकंद अशी वेळ दिली. म्हणजे सुमारे अडीच वर्षांच्या मेहनतीतून एका सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा वाचला.

एवढ्याशा वेळेसाठी एवढा खटाटोप का करावा लागतो, हे कळण्यासाठी खेळाच्या पोटात डोकवावे लागते. हे यंत्र सेकंदाला सुमारे साठ चित्रे दाखवते आणि त्यांतल्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. पातळी संपली की पुढची सुरू करायची का, हे या खेळात प्रत्येक फ्रेमला तपासले जात नाही. दर २१ फ्रेमनी एकदा तपासले जाते. खेळाडू त्याला बसची उपमा देतात. दर २१ फ्रेमनी एक बस सुटते. तुम्ही ती सुटण्याच्या क्षणभर आधी थांब्यावर आलात किंवा बऱ्याच आधी येऊन उभे राहिलात, तरी सुटणार एकाच वेळी. त्यामुळे शेवटची पातळी सोडली तर इतर ठिकाणी वेळ वाचवायचा म्हणजे पूर्ण ०.३५ सेकंद वाचवून आधीची बस गाठावी लागते, नाहीतर काहीच हाती लागत नाही. ती बस गाठण्यासाठी हे खेळाडू ध्वजाच्या खांबाच्या बुडाशी असलेल्या ठोकळ्यात मारिओला अशा नेमक्या क्षणी घुसवतात, की ध्वज खाली उतरतच नाही आणि मारिओ तडक किल्ल्याकडे चालू लागतो.

माझे मत आधीच सांगतो. माझा भाऊ चुकला होता, असे मला आज वाटते, कारण तीन पाइपांची ती खोली निर्मात्यांनीच बांधली होती आणि तिथे खेळाडूचे स्वागत करणारा मजकूरही त्यांनीच लिहिला होता. पण चौथ्या जगाच्या दुसऱ्या पातळीचे काय? तिथल्या एका पाइपातून उतरले की नाण्यांची खोली लागते. पाइपाचे दुसरे टोक कुठे उघडायचे, हे खेळ पडदा किती पुढे सरकला आहे त्यावरून ठरवतो. मारिओला पडद्यावर नेहमीपेक्षा थोडे उजवीकडे सरकवून तिथे नेले, तर पडदा पुरेसा सरकण्याआधीच तो पाइपात शिरतो आणि एरवी लपलेल्या वेलीवर चढून गाठावी लागणारी आठव्या जगाची खोली त्याला थेट मिळते. खोली निर्मात्यांची आहे, पण तिच्यात या पाइपातून यावे असे त्यांच्या मनात नव्हते. मला हेही योग्यच खेळणे वाटते. मात्र ते का वाटते, याचे धड उत्तर मला देता येत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

निळी शाई

लेख आवडला, विशेषतः बसची उपमा. तरीही मी तुमच्या भावाच्या बाजूने बोलते.

गेले वर्षभर मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलासोबत १९९८ सालचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ खेळते आहे. त्यात सुरुवातीला नायक लहान मुलगा असतो. किल्ल्याजवळच्या बाजारपेठेत माणसे नाचत असतात, दुकाने उघडी असतात, लहानसहान खेळ चालू असतात. पुढे तो दगडातून तलवार उपसतो आणि सात वर्षांनी मोठा होऊन जागा होतो. बाहेर पडल्यावर तीच बाजारपेठ उद्ध्वस्त झालेली दिसते आणि तिथे प्रेते उभी असतात. माझा मुलगा त्या चौकात बराच वेळ काही न बोलता थांबला होता. आधी त्या बाजारात त्याने अनेक संध्याकाळी उगाच भटकण्यात घालवल्या होत्या, म्हणूनच त्याला ते लागले. निर्मात्यांनी ते दुःख तिथे विचारपूर्वक ठेवले होते आणि त्याच्यापर्यंत जाणारी वाटही त्यांनीच आखली होती.

आता याच खेळाचा आजचा सर्वांत वेगवान प्रकार पाहा. त्यात खेळाडू यंत्राच्या स्मृतीत अशी गफलत घडवून आणतो, की खेळ भलत्याच जागची माहिती स्वतःच्या आज्ञा समजून वाचू लागतो, आणि खेळाडूने फाइलला दिलेल्या नावातली अक्षरेसुद्धा त्या कामी येतात. मग खेळ थेट शेवटच्या दृश्यावर उडी मारतो. तलवार नाही, सात वर्षे नाहीत, बाजारपेठ तर नाहीच. पंढरपूरला एसटीने गेले तरी विठोबाचे दर्शन घडते, हे मला मान्य आहे; पण त्याला कोणी वारी म्हणत नाही. हे करणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. त्याला ‘ओकारिना खेळणे’ म्हणावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

चौकट एकवीस

मी गेली सहा वर्षे ‘सुपर मारिओ ६४’ चे स्पीडरन करतो, त्यामुळे थोडे आतून लिहितो. माझ्या वेळा विक्रमांच्या यादीत खूप खाली आहेत, पण रोज रात्री एक तास सराव असतो.

निळी शाई, वारीची उपमा चांगली आहे, पण ती माझ्या अनुभवाशी जुळत नाही. एसटीत बसलेल्या माणसाला वाटेतली गावे ठाऊक नसली तरी चालते. स्पीडरन करणाऱ्याला मात्र वाटेतला दगड न् दगड माहीत असावा लागतो, आणि जी वाट तो टाळतो तीही त्याने शेकडो वेळा पायाखाली घातलेली असते. मी १६ तारे घेऊन खेळ संपवतो, पण त्याआधी सर्व १२० तारे मी दोनदा गोळा केले आहेत. ते केल्याशिवाय कोणते १६ घ्यावेत, हे मला कळलेच नसते.

या १६ ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९६ च्या या खेळात किमान ७० तारे मिळाल्याशिवाय शेवटचा जिना संपतच नाही. कितीही चढा, तो तुम्हाला त्याच जागी ठेवतो. निर्मात्यांनी मारिओच्या पुढच्या दिशेच्या वेगाला मर्यादा घातली होती, पण मागच्या दिशेच्या वेगाला घालायची राहून गेली. त्यामुळे जिन्याकडे पाठ करून लांब उडीची कळ एकसारखी दाबत राहिले तर वेग वाढतच जातो आणि मारिओ तो न संपणारा जिना एका झटक्यात पार करतो. कंपनीने १९९७ मध्ये जपानमध्ये काढलेल्या सुधारित आवृत्तीत ही त्रुटी दुरुस्त केली. आम्ही जुन्या आवृत्तीवर खेळतो आणि तसे उघडपणे लिहितो.

इथे मला एक गोष्ट ठळकपणे मांडायची आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्यांच्या नजरेतून ती हमखास निसटते. आमच्यात या खेळाच्या पाच मुख्य कॅटेगरी आहेत: १२० तारे, ७० तारे, १६ तारे, १ तारा आणि ० तारे. प्रत्येकीची यादी वेगळी असते. ७० ताऱ्यांच्या कॅटेगरीत पाठमोरी लांब उडी चालत नाही. ‘ओकारिना’मध्येही स्मृतीची ती गफलत न वापरता खेळण्याच्या कॅटेगरी आहेत, आणि एकही ग्लिच, म्हणजे खेळातली कोणतीही त्रुटी, न वापरता खेळण्याचीही आहे. म्हणजे ‘योग्य रीत कोणती’ हा तुमचा प्रश्न आम्हीही रोज विचारतो. फक्त त्याचे एकच उत्तर असले पाहिजे असा हट्ट आम्ही धरत नाही. जे उत्तर निवडले ते खेळायच्या आधी लिहून ठेवतो.

सह्यवाट

मी व्हिडिओ गेम खेळत नाही, पण दर रविवारी सिंहगड चढतो. आमच्यातले काही जण घड्याळ लावून चढतात आणि अर्ध्या मिनिटाच्या फरकासाठी महिनोन्महिने झटतात. बाकीचे पिठलं-भाकरी आणि दह्यासाठी येतात, वाटेत तीनदा बसतात. घड्याळवाल्यांनी गड पाहिला नाही असे मी कधी म्हणणार नाही. पायऱ्या कुठे सुटल्या आहेत आणि पावसात कुठे घसरते, हे त्यांनाच सर्वांत नीट ठाऊक असते.

निळी शाई

सह्यवाट, गड कोणी रचून ठेवलेला अनुभव नाही. तो ज्यांनी बांधला त्यांना आपल्या रविवारशी काही कर्तव्य नव्हते. खेळ मात्र कोणीतरी कोणासाठी तरी रचलेला असतो, आणि म्हणून रचणाऱ्याच्या हेतूला काही मान द्यावा लागतो, असे मला वाटते.

चौकट एकवीस, कॅटेगरींबद्दल मला इतके ठाऊक नव्हते. ग्लिच न वापरण्याचीही स्वतंत्र यादी आहे, हे वाचून माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा असा, की ‘लिहून ठेवले’ एवढ्याने एखादी गोष्ट योग्य ठरते का? आपण चौघांनी मिळून ठरवले की पुस्तकाचे पहिले आणि शेवटचे पान वाचले म्हणजे पुस्तक वाचले, तर ते वाचणे होईल का?

सूर

मी शाळेत आणि पुढे तालुक्याच्या संघात खो-खो खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. निळी शाई यांचा प्रश्न चांगला आहे, पण पुस्तकापेक्षा मैदान त्याला अधिक जवळचे आहे.

खो-खो पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव खेळला जात होता आणि जागोजागी त्याचे नियम निरनिराळे होते. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये ते लिहून काढायला घेतले, आणि नंतरच्या काळात त्यांत पुन्हा पुन्हा बदल झाले. हा खेळ कोणा एकाने ‘रचला’ नाही. तो कसा खेळायचा हे खेळणाऱ्यांनी ठरवले, वाद झाले तेव्हा एकत्र बसून सोडवले आणि मग कागदावर उतरवले. गडी बाद करण्यासाठी पाठलाग करणारा सूर मारतो, तेव्हा त्याचे पाय कुठे आहेत, हात कुठे टेकला, हे पंच पाहतात. पहिल्यांदा कोणीतरी सूर मारला असेल, तेव्हा समोरच्या गड्याला तो अन्याय वाटलाही असेल. आज तो खेळाचा सर्वांत देखणा भाग आहे.

तुमच्या खेळांतही असे घडलेले आहे. माझ्या पुतण्याने मला ‘स्ट्रीट फायटर २’ बद्दल सांगितले. १९९१ च्या या खेळात एक ठोसा पूर्ण होण्याआधीच दुसरा जोडता येतो आणि प्रतिस्पर्ध्याला मध्ये सावरायला वेळच मिळत नाही. हे निर्मात्यांनी योजलेले नव्हते. चाचणीच्या वेळी ते त्यांच्या लक्षात आले, पण साधायला फार अवघड आहे म्हणून त्यांनी तसेच राहू दिले. खेळाडूंनी ते साधले, आणि आज मारामारीच्या खेळांचा सगळा डोलारा याच जोडठोशांवर उभा आहे. त्या पहिल्या खेळाडूंना कोणी ‘निर्मात्याच्या हेतूविरुद्ध खेळू नका’ म्हणून थांबवले असते, तर तो प्रकार जन्मालाच आला नसता.

मुलांना शिकवताना मी दोनच गोष्टींवर कडक असतो: नियम आधी सांगायचा आणि स्पर्श झाला नसेल तर झाला म्हणायचे नाही. बाकी कसे पळायचे ते त्यांचे त्यांनी शोधावे.

जुनी कॅसेट

सूर, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी मी जे शोधत होतो त्याच्या फार जवळ आणून सोडले. स्पीडरनच्या जगातले जे मोठे वाद मला माहीत आहेत, ते जवळजवळ सगळे ‘स्पर्श झाला नसताना झाला म्हणण्या’चे आहेत. कोणी त्रुटीचा फायदा घेतला म्हणून तिथे कोणाचे नाव यादीतून काढल्याचे मला आठवत नाही. जे केले ते सांगितले नाही, किंवा केलेच नाही ते केले म्हणून सांगितले, यावरून मात्र नावे गेली आहेत.

२००३ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ अकरा मिनिटांत संपवल्याचा मोरिमोटो या जपानी खेळाडूचा व्हिडिओ जगभर फिरला. पाहणाऱ्यांना ते एका माणसाने एका बैठकीत केलेले अचाट काम वाटले. प्रत्यक्षात ते इम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीवर, खेळ संथ करून, चुकले की मागे जाऊन, तुकड्यातुकड्याने रचलेले होते. कळल्यावर अनेकांना फसल्यासारखे वाटले. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस अशाच, साधनांच्या मदतीने रचलेल्या खेळांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू झाले, आणि आज तो सन्मानाचा, वेगळा प्रकार आहे. मारिओच्या पहिल्या खेळात माणसाची सर्वोत्तम वेळ आणि यंत्राच्या मदतीने रचलेली वेळ यांत आता अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर उरले आहे, आणि ते अंतर मोजता येते ते हे दोन प्रकार प्रामाणिकपणे वेगळे ठेवले म्हणूनच.

दुसरे उदाहरण ‘ड्रॅगस्टर’ या १९८० च्या छोट्या शर्यतीच्या खेळाचे. टॉड रॉजर्स यांच्या नावावर १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. पुढे एका अभ्यासकाने त्या खेळाच्या आज्ञावलीचे गणित मांडून पाहिले, तेव्हा ५.५७ पेक्षा कमी वेळ निघेना. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलेक्सीज या विक्रमनोंद संस्थेने रॉजर्स यांचे सर्व विक्रम यादीतून काढले. मला यात विशेष वाटते ते हे, की साक्षीला दुसरे कोणी नव्हते. खेळाची आज्ञावलीच साक्षीला आली.

तिसरे ‘माइनक्राफ्ट’चे. ड्रीम या प्रसिद्ध खेळाडूने ऑक्टोबर २०२० मध्ये थेट प्रक्षेपित केलेल्या सहा बैठकी तिथल्या विक्रमयादीची छाननी करणाऱ्या मॉडरेटरांनी तपासल्या. २६२ सौद्यांत ४२ वेळा त्याला हवा तो मोती मिळाला होता, जो एरवी शंभरातून पाचदाही मिळत नाही. आणि ३०५ शत्रूंकडून २११ वेळा हवी ती कांडी मिळाली होती, जिची शक्यता निम्मी असते. मॉडरेटरांनी डिसेंबरमध्ये २९ पानांचे गणित मांडून ती वेळ नाकारली. पुढच्या वर्षी, आपल्या यंत्रात शक्यता बदलणारा भाग चालू होता पण तेव्हा आपल्याला ते ठाऊक नव्हते, असे ड्रीमने सांगितले. सगळी पाने वाचताना मला जाणवले, की बिनपगारी, आपापल्या नोकऱ्या आणि अभ्यास सांभाळून काम करणाऱ्या माणसांनी एका खेळाच्या यादीतली एक ओळ खरी राहावी म्हणून हे सगळे केले होते.

अर्धविराम

चर्चा फार चांगली चालली आहे. मला एका वेगळ्या बाजूने बोलायचे आहे.

माझ्या दोन्ही मनगटांत संधिवात आहे. कळा पटापट दाबाव्या लागणारे खेळ मी जवळजवळ सोडून दिले होते. २०१८ मध्ये ‘सेलेस्ट’ आला. एक मुलगी डोंगर चढते, एवढीच त्याची गोष्ट, पण तो कमालीचा अवघड खेळ आहे. त्यात निर्मात्यांनी साहाय्याची सोय दिली आहे: खेळाचा वेग कमी करता येतो, भिंतीला धरून राहण्याची ताकद अमर्याद करता येते, हवे तर मरण बंद करता येते. मी वेग कमी करून तो पूर्ण केला. शिखर आले तेव्हा मी रडले.

त्यानंतर एका गटात मी हे आनंदाने सांगितले, तर मला उत्तर मिळाले की तुम्ही तो खेळ खेळलाच नाहीत, योग्य वेगाने खेळाल तेव्हा या. म्हणून ‘योग्य रीत’ हे शब्द ऐकले की मी सावध होते. ते शब्द बहुधा कोणाला तरी दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरले जातात, असा माझा अनुभव आहे. निळी शाई तसे म्हणत नाहीत, हे मला कळते. त्या आपल्या मुलाच्या अनुभवाची काळजी करत आहेत. पण निर्मात्याचा हेतू पुढे केला की हे दारही त्याच किल्लीने बंद होते, म्हणून हे लिहिले.

२०१४ च्या जानेवारीत झालेल्या ‘ऑसम गेम्स डन क्विक’ या कर्करोगप्रतिबंधासाठी निधी जमवणाऱ्या स्पीडरन महोत्सवात एका खेळाडूने डोळ्यांवर पट्टी बांधून ‘माइक टायसन्स पंच-आउट’ हा मुष्टियुद्धाचा खेळ खेळून दाखवला होता. प्रतिस्पर्धी ठोसा मारण्याआधी जो आवाज येतो, त्याच्यावरून तो ओळखत होता. पडद्याकडे पाहून खेळण्यासाठी केलेला खेळ त्याने कानांनी खेळला. तो पाहताना मला माझ्या कमी केलेल्या वेगाची लाज वाटेनाशी झाली.

चौकट एकवीस

अर्धविराम, तुम्ही डोंगर चढलात. त्या गटात मी असतो तर तसे म्हटले असते.

तुमच्याच खेळावरून एक सांगतो, कारण निळी शाई यांच्या हेतूच्या मुद्द्याला ते लागू पडते. ‘सेलेस्ट’मध्ये जमिनीलगत तिरकी झेप घेऊन लगेच उडी मारली तर खूप लांब जाता येते. पहिल्या आवृत्तीत हे कुठेही शिकवलेले नव्हते. वेगाने खेळणाऱ्यांमध्ये ते रूढ झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्मात्यांनी निरोपाचे शेवटचे प्रकरण दिले, आणि त्यात ती युक्ती सर्वांना नीट शिकवली आहे. म्हणजे हेतू ही एकदाच लिहून बंद केलेली गोष्ट नसते. निर्माता बोलतो, खेळाडू उत्तर देतो, आणि कधीकधी निर्माता त्यावर पुन्हा बोलतो.

‘मेट्रॉइड’ मालिका तर पहिल्यापासून असाच संवाद करत आली आहे. १९८६ च्या पहिल्या खेळात तुम्ही किती वेळात संपवता त्यावर शेवटचे दृश्य बदलते. चिलखतातला योद्धा म्हणजे एक स्त्री आहे, हे वेगाने खेळणाऱ्यालाच दिसते. १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये सर्वांत चांगल्या शेवटासाठी तीन तासांच्या आत यावे लागते. खेळाडू ठरलेला क्रम मोडून पुढची शस्त्रे आधी मिळवू लागले, तेव्हा २००४ च्या ‘झीरो मिशन’मध्ये निर्मात्यांनी मुद्दाम तशा वाटा ठेवल्या. २०२१ च्या ‘मेट्रॉइड ड्रेड’मध्ये क्रम मोडून बॉम्ब लवकर मिळवलेत तर क्रेड या राक्षसाला झटक्यात मारण्याची खास सोय आहे. ती शोधेल त्याच्यासाठीच कोणीतरी चित्र काढले, आज्ञा लिहिल्या. मला ते एखाद्या अनोळखी माणसाने आपले पत्र वाचून उत्तर पाठवावे तसे वाटले होते.

ही प्रथा जुनीही आहे. १९९३ च्या ‘डूम’मध्ये प्रत्येक पातळी संपली की तुमच्या वेळेशेजारी निर्मात्यांनी अपेक्षित धरलेली वेळ दिसते, पहिल्या पातळीसाठी ती ३० सेकंद आहे. खेळ नोंदवून फाइल दुसऱ्याला पाठवायची सोयही त्यातच होती. पुढच्याच वर्षी लोक त्या फाइलींच्या याद्या करू लागले. तिथे खेळाडूंनी कोणाचे दार फोडले नव्हते. निर्मात्यांनीच घड्याळ समोर ठेवले होते.

निळी शाई

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण तुम्ही सर्वांनी सांगितलेले पाहत होते. ‘ओकारिना’चा ग्लिच न वापरता केलेला एक संपूर्ण रन पाहिला. मोठ्या झालेल्या नायकाने त्या उद्ध्वस्त चौकात पाऊल ठेवले तेव्हा खेळाडू क्षणभरही थांबला नाही, पण प्रेतांच्या मधून तो ज्या वाटेने गेला, ती पाहून त्याला तो चौक माझ्याहून कितीतरी चांगला ठाऊक आहे हे मला मान्य करावे लागले. अर्धविराम, किल्लीबद्दल तुम्ही म्हणालात ते मला लागले आणि पटले. ‘हे खेळणेच नव्हे’ हे माझे म्हणणे मी मागे घेते.

एक गोष्ट मात्र मी सोडत नाही. माझ्या मुलाच्या वर्गातला एक मित्र खेळ हातात घेण्याआधीच त्याचे विक्रमी रन पाहतो. कुठे काय आहे, शेवटी काय होते, कोणती भिंत खोटी आहे, हे सगळे त्याला आधीच माहीत असते. तो घरी आला तेव्हा त्याने माझ्या मुलाला दर दोन मिनिटांनी ‘इकडून नको, तिकडून जा, वेळ वाया जातो’ असे सांगितले, आणि तो गेल्यावर मुलाने मला विचारले, की आपण इतके दिवस चुकीचे खेळत होतो का. दोष स्पीडरन करणाऱ्यांचा नाही, हे मला कळते. पण पहिल्यांदा, काही ठाऊक नसताना खेळण्याचा प्रसंग प्रत्येक खेळाच्या वाट्याला एकदाच येतो आणि तो परत मिळत नाही. चौकट एकवीस, तुम्हाला याबद्दल काय वाटते, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

चौकट एकवीस

त्या प्रश्नावर तुमच्या मुलाला ठामपणे ‘नाही’ असे सांगा, आणि हे स्पीडरन करणाऱ्या एका माणसाने सांगितले आहे असेही सांगा. मी नवा खेळ घेतला की तो संपेपर्यंत त्याचा एकही रन पाहत नाही, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक धावक असेच करतात. ज्या खेळावर आपण आधी जीव लावलेला नाही, त्याच्या एका सेकंदासाठी वर्षभर झटणे कोणालाही जमत नाही. ‘सुपर मारिओ ६४’ मधला किल्ल्यासमोरचा तलाव मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात तासभर नुसता पोहत होतो. त्या मित्रालाही रागावू नका. त्याला एखादा अगदी नवा, ज्याचे रन अजून कोणी केलेले नाहीत असा छोटा खेळ द्या आणि तुमच्या मुलाशेजारी बसवा.

जुनी कॅसेट

भावाला काल हा धागा वाचायला पाठवला. तो आता नागपूरला असतो. त्याचा रात्री फोन आला आणि आम्ही पाऊण तास केवळ मारिओबद्दल बोललो. तीन पाइपांची खोली तो आजही मोजायला तयार नाही; त्याला ३२ पातळ्यांचा डाव हवा आहे. मी त्याला सांगितले, की वार्प, म्हणजे मधली जगे ओलांडून नेणारे ते पाइप, न वापरता खेळण्याची स्वतंत्र कॅटेगरी आहे आणि तिची यादी वेगळी ठेवतात. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्या यादीतली वेळ किती आहे ते विचारू लागला. येत्या मे महिन्यात तो मुलांना घेऊन येणार आहे. तो त्याची कॅटेगरी खेळेल, मी माझी.

त्यासाठी चौकट एकवीस यांना एक प्रश्न. चौथ्या जगाच्या दुसऱ्या पातळीतला तो पाइप मला अजून नाण्यांच्याच खोलीत नेतो. मी विटांना आपटून उजवीकडे सरकण्याचा प्रयत्न करतो, पण अंतर पुरत नाही. काय चुकत असेल?

चौकट एकवीस

तुम्ही बहुधा तोंड पुढे करून आपटत असाल. उडी मारल्यावर हवेत असतानाच मागे वळा, म्हणजे मारिओची पाठ विटेकडे होईल. तो विटेच्या कडेत किंचित घुसला की खेळ त्याला बाहेर ढकलतो. त्या ढकलण्यात तो पुढे जातो, पण पडदा जागचा हलत नाही. एका वेळी थोडेच अंतर मिळते, म्हणून हे एकाहून अधिक वेळा साधावे लागेल. पाइपात उतरण्याआधी मारिओ पडद्याच्या मध्यापासून नेहमीपेक्षा उजवीकडे दिसतो आहे का, ते पाहून घ्या. दिसला नाही तर तसेच पुढे न जाता पातळी पुन्हा सुरू करा.